स्फटिकांतील उष्णतेची वाटचाल

चुलीवरच्या कढईंत पितळेची पळी राहिली, तर तिची दांडी थोड्याच वेळांत हाताला चटका देते. लांकडी डाव मात्र तसाच राहिला तरी खुशाल धरतां येतो. हा अनुभव घरोघरचा आहे, आणि त्याचें पाठ्यपुस्तकांतील उत्तरहि बहुतेकांना ठाऊक असतें: धातूंत मोकळे इलेक्ट्रॉन असतात, ते उष्णता वाहून नेतात, लांकडांत ते नसतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरें आहे. हिऱ्यांत मोकळा इलेक्ट्रॉन औषधालाहि सांपडत नाहीं. विजेच्या दृष्टीनें हिरा कांचेच्या पंक्तीला बसणारा. तरीहि उष्णता वाहून नेण्याच्या कामीं तो तांब्याच्या सुमारें पांचपट सरस ठरतो. खरा हिरा ओळखण्यासाठीं जवाहिरे जी तापलेल्या टोंकाची लहानशी सुई वापरतात, ती याच गुणाची परीक्षा घेते. टोंक हिऱ्याला टेकलें कीं झपाट्यानें निवतें. कांचेच्या खड्याला टेकलें तर तसें निवत नाहीं.

मग हिऱ्यांत उष्णता वाहतें तरी कोण? वाहतात तीं अणूंचीं कंपनें. स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तीनें विणलेली जाळी. तींतील कोणताहि अणु स्वस्थ नसतो, आणि एकटाहि नसतो. एकमेकांचे हात धरून मुलांची लांबच लांब रांग उभी असावी, आणि टोकाच्या मुलानें अंग हलवितांच तो हिसका हातोहात दुसऱ्या टोकापर्यंत जावा, तसा प्रकार येथें घडतो. एक अणु हलला कीं शेजारी हलतो, त्याचा शेजारी हलतो, आणि जाळींतून एक लाट निघते. स्फटिकाचें एक टोंक तापविणें म्हणजे त्या टोंकाशीं अशा असंख्य लाटा अधिक जोमानें उठविणें होय.

हें आज सोपें वाटतें. पण तें उमगण्यास वेळ लागला. १९११ सालीं खुद्द आइनस्टाइननें प्रत्येक अणु आपापल्या जागीं स्वतंत्रपणें थरथरतो असें धरून वाहकतेचा हिशेब करून पाहिला, आणि तो अनुभवाशीं जुळला नाहीं. त्याच वर्षीं जर्मनींत ऑयकेननें मोजून दाखविलें कीं, स्फटिक जसजसा थंड करावा तसतशी त्याची वाहकता वाढत जाते. पुढच्याच वर्षीं डेबायनें सुट्या अणूंचा विचार सोडून सबंध स्फटिकाच्या लाटांचा विचार केला, आणि गाडी रुळावर आली. मात्र एक मोठी अडचण उरलीच. अणूंमधील बंध जर आदर्श स्प्रिंगेसारखे असते, म्हणजे जितकें ताणावें तितक्याच प्रमाणांत ओढ लागावी असे असते, तर दोन लाटा एकमेकींतून भुतासारख्या आरपार निघून जातील आणि उष्णतेला कसलाच अडथळा होणार नाहीं. अशा निर्दोष स्फटिकाची वाहकता अमर्याद निघते. प्रत्यक्षांत तशी ती कोणाचीच नाहीं. तेव्हां उष्णतेला जो अडथळा होतो, तो स्प्रिंगेच्या गुणांतून नव्हे, तिच्या व्यंगांतून होतो. बंध थोडासा वांकडा वागतो म्हणूनच लाटेवर लाट आपटते.

या आपटण्याचा पद्धतशीर हिशेब रुडॉल्फ पायर्ल्स या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणानें १९२९ सालीं मांडला. त्यानें दाखविलें कीं, दोन लाटा मिळून एक होते किंवा एकीच्या दोन होतात. पण अशी प्रत्येक टक्कर उष्णतेला अडवितेच असें नाहीं. पुष्कळ टकरींत प्रवाहाची दिशा कायम राहते. दोन वाटसरूंचें ओझें तिसऱ्यानें उचललें, एवढाच फरक. खरा अडथळा करणारी टक्कर निराळ्या जातीची असते. अणु तुटकतुटक जागीं बसलेले असल्यामुळें त्यांच्यांतील अंतराच्या दुपटीहून आंखूड लाट जाळींत संभवतच नाहीं. दोन लाटा मिळून त्याहून आंखूड लाट होऊं पाहते, तेव्हां ती उलट दिशेनें जाणारी लाट म्हणून प्रकट होते. सिनेमाच्या पडद्यावर वेगानें धांवणाऱ्या गाडीचें चाक कधीं कधीं उलटें फिरतांना दिसतें, त्याच्याशीं याचें नातें आहे. पडद्यावर मात्र तो नजरेचा भास असतो, आणि येथें उष्णता खरोखरीच मागें फिरते. पायर्ल्सनें या टकरींना जर्मन भाषेंतील ‘उलटणें’ या अर्थाचें नांव दिलें, आणि तेंच आजतागाईत चालू आहे. प्रकाशाच्या कणाला जसें फोटॉन म्हणतात, तसें या कंपनलाटेच्या पुंजाला ‘फोनॉन’ हें नांव रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यानें १९३२ सालीं दिलें.

फोनॉन एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंत जेवढें अंतर निर्वेधपणें जातो, त्याला त्याचा मुक्त पल्ला म्हणावें. सारी गोष्ट या पल्ल्यावर येऊन ठेपते. हॉलंडांतील लायडन येथें ड हास आणि बियरमास यांनीं १९३० नंतरच्या वर्षांत अतिशय थंड केलेल्या स्फटिकांचीं मोजमापें घेतलीं, तेव्हां एक विलक्षण गोष्ट आढळली. त्याच पदार्थाचा बारीक तुकडा घेतला, तर त्याची वाहकता जाड तुकड्यापेक्षां कमी भरे. वाहकता हा पदार्थाचा गुण. तो तुकड्याच्या जाडीवर कसा अवलंबून राहील? १९३८ सालीं कासिमिर यानें उलगडा केला. अतिशीत अवस्थेंत लाटांच्या आपसांतील टकरी जवळजवळ बंद पडतात. मग लाट सरळ जाते ती थेट स्फटिकाच्या भिंतीवर आदळते. मुक्त पल्ला तुकड्याच्या जाडीएवढाच होऊन बसतो. त्या काळीं ही थंडीच्या प्रयोगशाळेंतील एक नवलाई होती. पुढें तीच घरोघरच्या यंत्रांत येऊन बसेल असें तेव्हां कोणाच्या ध्यानींमनींहि नसावें.

ती आली सिलिकॉनच्या वाटेनें. संगणकाच्या व दूरध्वनीच्या चिपेंत जे ट्रान्झिस्टर असतात, त्यांचे भाग आज कांहीं नॅनोमीटरांपासून कांहीं दशक नॅनोमीटरांपर्यंतचे असतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. सिलिकॉनच्या शेजारशेजारच्या दोन अणूंमधील अंतर त्याच्या पावपटीहून थोडें कमीच. उलट, नेहमींच्या हवेंतल्या तपमानालाहि सिलिकॉनमधील सुमारें निम्मी उष्णता ज्या फोनॉनांकडून वाहिली जाते, त्यांचा मुक्त पल्ला एक हजार नॅनोमीटरांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे ट्रान्झिस्टरच्या मानानें हे फोनॉन फार लांब उडी घेणारे प्रवासी झाले. फूरिये या फ्रेंच गणित्यानें १८२२ सालीं सांगितलेला उष्णतावहनाचा नियम भट्टीच्या भिंतीपासून चहाच्या कपापर्यंत सर्वत्र खरा ठरतो. पण फोनॉन वाटेंत पुष्कळदां आपटून आपली उष्णता चोहोंकडे वांटीत जातात, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें. जेथें तशी वांटणी होण्यापूर्वींच भिंत येते, तेथें तो नियम ट्रान्झिस्टरमधील तापलेला बिंदु प्रत्यक्षापेक्षां थंड असल्याचें सांगतो. चिप बनविणाऱ्याला हा फरक महाग पडतो, कारण तापलेल्या बिंदूशींच तिचें आयुष्य झिजत असतें. तेथें थर्मामीटर लावण्याची सोयहि नाहीं. जें मोजतां येत नाहीं तें गणितानें काढावें, हाच मार्ग राहतो.

परंतु गणित काढावयाचें कोणी? पायर्ल्सचें समीकरण सुंदर होतें, आणि जवळजवळ निरुपयोगी होतें. कारण त्यांत प्रत्येक लाटेचा प्रत्येक लाटेशीं हिशेब ठेवावा लागतो. एडिंबरो येथें मॅक्स बोर्नच्या हाताखालीं केलरमन यानें मिठाच्या स्फटिकांतील केवळ कंपनांची यादी हातानें आंकडेमोड करून तयार केली, आणि १९४० सालीं ती प्रसिद्ध झाली. टकरींची तर त्यांत गोष्टच नव्हती.

संगणक आल्यावर पहिल्या कांहीं शास्त्रीय कामांत हेंच काम त्याच्यापुढें टाकलें गेलें, ही गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत लॉस अलामॉस येथें १९५३ सालीं मॅनिॲक नांवाच्या यंत्रावर एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम यांनीं एक प्रयोग योजिला. प्रयोग म्हणावयाचा तो एवढ्याच अर्थानें कीं, उत्तर आधीं माहीत नव्हतें. खरी तार, खरे अणु त्यांत कोठेंच नव्हते. यंत्राला सांगितलें होतें कीं, बत्तीस किंवा चौसष्ट गोळ्यांची एक माळ आहे, शेजारशेजारचे गोळे स्प्रिंगेनें जोडलेले आहेत, आणि ती स्प्रिंग किंचित् वांकडी वागणारी आहे. यंत्राला समजेल अशा आज्ञांत हें सर्व मेरी सिंगू या तरुण गणितज्ञ स्त्रीनें उतरविलें. पुढें अनेक वर्षें हा प्रयोग तिघा पुरुषांच्याच नांवें ओळखला गेला. तिचें नांव त्याला जोडण्याची रीति २००८ नंतर पडूं लागली. सुरुवातीला सगळी शक्ति सर्वांत लांब लाटेंत ठेवली होती. अपेक्षा अशी कीं, वांकड्या स्प्रिंगेमुळें ती हळूहळू सर्व लाटांत सारखी वांटली जाईल. पाण्यांत मीठ विरघळावें तशी. ती कांहीं थोड्या लाटांत वांटली गेली, इकडून तिकडे फिरली, आणि मग आश्चर्य असें कीं, जवळजवळ सगळीच्या सगळी पहिल्या लाटेंत परत आली. विरघळलेलें मीठ पुन्हां खडा होऊन भांड्याच्या तळाशीं बसावें, त्यांतलाच हा प्रकार. फर्मी १९५४ च्या नोव्हेंबरांत वारला. अहवाल १९५५ सालीं तयार झाला. स्प्रिंगेंत थोडें व्यंग असलें कीं उष्णतेचा व्यवहार आपोआप सुरळीत चालू होतो, ही समजूत त्या दिवसापासून डळमळली, आणि त्या एका माळेपासून गणिताची एक स्वतंत्र शाखाच पुढें फुटली.

माळेवरून खऱ्या स्फटिकाकडे येतांना दोन रस्ते फुटले. पहिला रस्ता माळेचाच थोरला भाऊ. हजारों, लाखों अणु संगणकांत मांडावयाचे, प्रत्येकाला शेजाऱ्यांची ओढ किती हें ठरवून द्यावयाचें, आणि न्यूटनच्या नियमांनीं त्यांना पाऊल पाऊल पुढें चालवावयाचें. एक पाऊल साधारणपणें सेकंदाच्या एका अब्जांशाचा पुन्हां दहा लाखावा भाग, एवढें लहान. तेव्हां सेकंदाच्या एका अब्जांशाचें चित्र पाहण्यास दहा लाख पावलें टाकावीं लागतात. ही पद्धति खडबडीत पृष्ठभाग, भेगा, मिसळलेले पदार्थ असल्या अडगळीच्या ठिकाणीं फार उपयोगी पडते. तिचें वर्म ओढीच्या सूत्रांत आहे. सूत्र माणसानें अदमासानें बसविलेलें असतें. आणि एकाच सिलिकॉनसाठीं दोन प्रतिष्ठित सूत्रें दोन वेगळ्या वाहकता देतात. शिवाय न्यूटनच्या राज्यांत प्रत्येक कंपनाला सारखा वांटा मिळतो, तर खऱ्या सिलिकॉनमध्यें नेहमींच्या तपमानाला सर्वांत जलद कंपनें अर्धवट झोपलेलींच असतात.

दुसरा रस्ता पायर्ल्सच्या समीकरणाकडे परत जातो. अणूंमधील ओढ अदमासानें न बसवितां ती पुंजवादाच्या मूळ नियमांवरूनच काढावयाची. स्फटिकांत कोणते अणु आहेत आणि ते कसे बसले आहेत, एवढेंच संगणकाला सांगावयाचें. हें साधलें २००७ सालीं. डेव्हिड ब्रॉइडो व त्याचे सहकारी यांनीं सिलिकॉन आणि जर्मेनियम यांची वाहकता एकहि आंकडा प्रयोगावरून उसना न घेतां काढली, आणि ती मोजलेल्या वाहकतेशीं उत्तम जुळली. पायर्ल्सच्या लेखाला तोंवर अठ्ठ्याहत्तर वर्षें झालीं होतीं.

आतां गणिताची खरी कसोटी पुढें होती. जें आधींच मोजलेलें आहे तें जुळविणें हा पराक्रम खरा, पण तो परीक्षेची उत्तरपत्रिका जवळ ठेवून गणित सोडविण्यासारखा. कोणीं न मोजलेलें सांगितलें पाहिजे. २०१३ सालीं लिंडसे, ब्रॉइडो आणि राइनेके यांनीं तें सांगितलें. बोरॉन आणि आर्सेनिक, म्हणजे वैद्यांच्या सोमलांतील मूलद्रव्य, यांच्या संयोगानें होणारा बोरॉन आर्सेनाइडचा घनस्फटिक हिऱ्याच्या बरोबरीनें उष्णता वाहील, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रज्ञ वाहकता वॅट दर मीटर दर अंश या मापानें सांगतात. त्या मापानें सिलिकॉन सुमारें १५०, तांबें सुमारें ४००, आणि या नव्या स्फटिकाचें भाकित २००० च्या वर. ऐकणाऱ्यांस तें पटणें कठीण होतें. १९७३ सालीं स्लॅक यानें उत्तम वाहकाचीं जीं लक्षणें सांगितलीं होतीं, त्यांत अणु हलके हवेत हें एक प्रमुख लक्षण. आर्सेनिक तर बोरॉनच्या जवळजवळ सातपट जड.

जडपणाच येथें कामाला आला, असें गणित सांगत होतें. एक अणु फार जड व दुसरा फार हलका असल्यामुळें या स्फटिकांतील कंपनें दोन मजल्यांवर विभागलीं जातात: खालच्या मजल्यावर मंद, वरच्या मजल्यावर जलद, आणि मध्यें मोठी पोकळी. उष्णता मुख्यतः खालच्या मजल्यावरून वाहते. तेथील दोन लाटा मिळून वरच्या मजल्यावरील एक लाट व्हावयाची, तर दोघींची शक्ति मिळून तेवढी भरली पाहिजे. आणि ती भरत नाहीं. दोन चवल्या एकत्र केल्या तरी रुपयाची वस्तु पदरांत पडत नाहीं, तसें हें आहे. त्याशिवाय खालच्या मजल्यावरील निरनिराळ्या जातींच्या लाटा एकमेकींस इतक्या जवळ आहेत कीं, त्यांच्या आपसांतील टकरींचाहि जमाखर्च सहसा जुळत नाहीं. टक्कर नाहीं म्हणून अडथळा नाहीं.

भाकित करणाऱ्यांना कागद पुरला. स्फटिक करणाऱ्यांचे हाल झाले. बोरॉन २००० अंशांच्याहि वर वितळणारें, तर आर्सेनिक ६०० अंशांच्या थोडें पुढें न वितळतांच वाफ होऊन उडणारें, आणि तेंहि विषारी. अशा विजोड वधूवरांचें लग्न लावण्यासाठीं बंद नळींत आठवडेच्या आठवडे स्फटिक वाढवावे लागले, आणि ते वाढूनहि मिलिमीटरांचे. २०१५ सालीं मोजलेल्या पहिल्या स्फटिकांनीं निराशा केली. वाहकता २०० च्या आसपासच भरली. दोष स्फटिकांतील उणिवांचा कीं गणिताचा, हें कळेना.

दोष दोघांचाहि होता. पायर्ल्सपासून सर्वांनीं तीनच लाटांच्या टकरी धरल्या होत्या. चार लाटा एकाच वेळीं गुंतण्याचा संभव इतका थोडा कीं, तो सोडून द्यावा असा प्रघात होता. बहुतेक पदार्थांत तो प्रघात चालून जातो. परंतु ज्या स्फटिकाची सारी थोरवी तीन लाटांच्या टकरी बंद पडण्यांतच आहे, तेथें चार लाटांच्या टकरीच मैदान मारून नेणार, हें उघड होतें. उघड होतें तें अर्थात् कोणीं तरी दाखविल्यावर. फेंग, लिंडसे व रुआन यांनीं २०१७ सालीं तो अवाढव्य हिशेब केला, आणि भाकित २००० च्या वरून १४०० च्या आसपास खालीं आलें. इकडे स्फटिक सुधारत होते. २०१८ सालीं अमेरिकेंतील तीन गटांनीं एकाच वेळीं आपलीं मोजमापें प्रसिद्ध केलीं: १००० पासून १३०० पर्यंत. हिऱ्याची बरोबरी हुकली; तरी तांब्याच्या अडीच ते तीनपट आणि सिलिकॉनच्या सात ते आठपट वाहणारा एक पदार्थ, जो शोधण्याचें कोणत्याहि जुन्या नियमानें सुचलें नसतें, तो आंकड्यांनीं हातांत आणून दिला. आंकड्यांनीं अधिक सांगितलें आणि आंकड्यांनींच तें दुरुस्त केलें. हिशेबाच्या वहीला याहून मोठी शाबासकी नको.

ग्राफीनची हकीकत थोडक्यांत सांगितली तरी चालेल. कार्बनच्या अणूंचा हा एकपदरी कागद. १९२८ सालीं कलकत्त्यास सर चंद्रशेखर रामन यांनीं शोधलेल्या परिणामाचाच थर्मामीटर करून २००८ सालीं बालांदिन यांच्या गटानें त्याची वाहकता मोजली, आणि ती हिऱ्याच्याहि वर भरली. कागद वरखालीं फडफडतो त्या कंपनांचा उष्णतेच्या कामीं फारसा हात नसावा, अशी तोंवरची बहुतेकांची समजूत. २०१० सालच्या तपशीलवार गणितानें ती उलटी केली. कागद सपाट असल्यामुळें वरखालीं फडफडणाऱ्या लाटांच्या पुष्कळशा टकरींना मज्जावच आहे, आणि म्हणून उष्णतेचा मोठा वांटा त्याच वाहतात.

सगळ्यांनाच उष्णता लवकर वाहून न्यावयाची असते असें मात्र नाहीं. भट्टींतून, मोटारीच्या नळींतून वायां जाणाऱ्या उष्णतेपासून वीज करावयाची, तर असा पदार्थ हवा कीं जो वीज जाऊं देईल आणि उष्णता अडवील. येथें कासिमिरची भिंत मित्र ठरते. कॅलिफोर्नियांत बर्कले येथें २००३ सालीं सिलिकॉनच्या २२ ते ११५ नॅनोमीटर जाडीच्या तारा मोजल्या, तेव्हां सर्वांत बारीक तारेंत वाहकता १५० वरून दहाच्या आसपास आली. २००८ सालीं तेथेंच मुद्दाम खडबडीत केलेल्या, सुमारें ५० नॅनोमीटर जाडीच्या तारेंत ती शंभरपटीनें घटून दोनच्याहि खालीं गेली. स्फटिक असून कांचेसारखी! एवढी घट कासिमिरच्या साध्या हिशेबांत बसत नाहीं. त्या हिशेबाप्रमाणें भिंत फार तर प्रत्येक लाटेला थांबवील. पण येथें थांबविण्याहूनहि अधिक कांहीं झालेलें दिसतें. खडबडीतपणा लाटांचें रूपच बदलतो, कीं तारेच्या आंतच अणूंची विस्कटाविस्कट झालेली असते, यावर गणित करणाऱ्यांत पुढें बराच वाद झाला.

चिपेच्या बाबतींत तर उत्तम वाहक सांपडून काम भागत नाहीं. तो चिपेला चिकटवावा लागतो. दोन पदार्थांच्या सांध्यावर लाटेला एका जाळींतून निराळ्या जाळींत शिरावें लागतें, आणि दोहोंचीं कंपनें जुळलीं नाहींत तर ती सांध्यावरूनच माघारी फिरते. हिरा याच ठिकाणीं मार खातो. त्याच्या ताठ, जलद कंपनांशीं जमवून घेणारे पदार्थ थोडे. २०२१ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील गटानें गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर बोरॉन आर्सेनाइडच्या स्फटिकावर बसवून चालविले. शेजारीं तुलनेसाठीं हिऱ्यावर बसविलेले तसलेच ट्रान्झिस्टर होते. वाहकतेंत हिरा वरचढ, तरी तापलेला बिंदु थंड राहिला तो बोरॉन आर्सेनाइडवरचा. त्याच्या सांध्यावरून लाटा अधिक सुखानें पार होत होत्या.